आयोडीन कमी पडल्यावर थायरॉइड ग्रंथी वाढते कशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ४२ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या गळ्याच्या पुढच्या भागात गेली काही वर्षे सूज दिसते आहे. डॉक्टरांनी तपासून ‘आयोडीनच्या कमतरतेमुळे झालेला गलगंड असावा’ असे सांगितले, पण रक्ताच्या अहवालात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) २.८ म्हणजे सामान्य मर्यादेत आले. त्यावरून आपल्याला तीन शंका आल्या आहेत. कच्चा माल मिळेनासा झाला तर कारखाना ओस पडायला हवा, मग ही ग्रंथी उलट वाढते कशी? टीएसएच सामान्य असेल तर तिला वाढवते कोण? आणि आता आयोडीनयुक्त मीठ नेमाने खाल्ले, किंवा आयोडीनचे थेंब घेतले, तर सूज उतरेल का?

अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचे रुग्ण मी गेली पंचवीसएक वर्षे पाहतो आहे आणि या तिन्ही शंका मला रुग्णांकडून, त्यांच्या नातेवाइकांकडून आणि क्वचित शिकाऊ डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतात. माझ्या मते या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे आपल्या बहिणीची ग्रंथी वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यावरची मऊ, सारखी सूज आणि साठीच्या गृहस्थांच्या गळ्यातला गाठीगाठींचा, निबर झालेला गोळा या दोन्हींना आपण गलगंडच म्हणतो. दोन्हींची सुरुवात एकाच कारणाने झालेली असू शकते. तरीही जे औषध पहिल्याला तारते तेच दुसऱ्याला त्रासदायक ठरू शकते.

अर्थात मी त्यांचा गळा हाताने तपासलेला नाही. त्या कोठे राहतात, घरात कोणते मीठ वापरले जाते, गरोदरपणात सूज वाढली होती का, घरात आणखी कोणाला थायरॉइडचा विकार आहे का, त्या कोणती औषधे घेतात, या गोष्टींवर बरेच काही अवलंबून आहे. त्यामुळे निदान मी येथून करणार नाही; निदान कसे होते आणि त्यामागचा विचार काय असतो, एवढे मात्र नीट सांगू शकतो.

आधी एक बारीकसा खुलासा. ‘मला थायरॉइड आहे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, जणू थायरॉइड हे आजाराचेच नाव आहे. थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी प्रत्येकालाच असते. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून मिठी मारून बसलेली ही ग्रंथी निरोगी प्रौढ माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. तिची वाढ होणे आणि तिचे काम बिघडणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. त्या एकत्र येऊ शकतात, पण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. गलगंड असलेल्या व्यक्तीचे संप्रेरक कमी, जास्त किंवा अगदी बरोबरही असू शकते आणि आयोडीनच्या सौम्य कमतरतेत बहुधा ते बरोबरच असते.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. ही ग्रंथी मुख्यतः दोन संप्रेरके बनवते. थायरॉक्सिनच्या, म्हणजे टी-४च्या, एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि टी-३च्या रेणूत तीन. टी-४च्या वजनापैकी सुमारे ६५ टक्के वजन एकट्या आयोडीनचे असते. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही संप्रेरकाला आयोडीन लागत नाही आणि या दोघांचे मात्र त्यावाचून पानही हलत नाही. गंमत अशी की लागणारे प्रमाण अत्यल्प आहे. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतात. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर ही बेरीज चार ग्रॅमच्याही आत राहते, म्हणजे आयुष्यभराची गरज एका चहाच्या चमच्यात मावेल. परंतु ते चमचाभर आयोडीन एकदम घेऊन भागत नाही. शरीर त्याचा मोठा साठा करू शकत नाही, ते थोडे थोडे रोज मिळावे लागते आणि उरलेले लघवीवाटे निघून जाते.

रक्तातून वाहणारे हे तुटपुंजे आयोडीन उचलण्यासाठी थायरॉइडच्या पेशींच्या रक्ताकडील बाजूला एक खास प्रथिन असते. ते सोडियमच्या जोडीने आयोडाइड आत ओढते आणि रक्तातल्या प्रमाणाच्या कित्येक पटींनी ते पेशीत साठवते. या पेशी सूक्ष्म गोल पिशव्यांच्या भिंतींसारख्या रचलेल्या असतात आणि पिशवीच्या पोकळीत एक चिकट द्रव भरलेला असतो. त्या द्रवात थायरोग्लोब्युलिन नावाचे मोठे प्रथिन असते. आत आलेले आयोडीन पोकळीच्या काठावर या प्रथिनाला चिकटवले जाते, तिथेच संप्रेरक तयार होते आणि मागणी येईपर्यंत तिथेच पडून राहते. मागणी आली की पेशी त्या द्रवाचा घोट घेते, प्रथिन मोडते, संप्रेरक रक्तात सोडते आणि न वापरले गेलेले आयोडीन काढून पुन्हा कामाला लावते. काटकसर या ग्रंथीच्या अंगातच आहे.

निरोगी प्रौढाच्या शरीरात १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असते आणि त्यातला ७० ते ८० टक्के भाग एकट्या थायरॉइडमध्ये असतो. तयार संप्रेरकाचा साठा दोन ते तीन महिने पुरेल एवढा असतो. त्यामुळे महिनाभर आयोडीन कमी मिळाले म्हणून कोणाचा गळा सुजत नाही. प्रश्न येतो तो ही तूट महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहते तेव्हा. दीर्घकाळच्या तीव्र कमतरतेत ग्रंथीतले आयोडीन २० मायक्रोग्रॅमच्याही खाली गेलेले आढळते, म्हणजे मूळ साठ्याच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी.

आपला कारखान्याचा दृष्टान्त इथे अपुरा पडतो, कारण माल संपल्यावर बंद पडणे कारखान्याला परवडते, थायरॉइडला परवडत नाही. मी रुग्णांना विहिरीचे उदाहरण देतो. विहिरीचे पाणी आटू लागले की आपण ती बुजवत नाही. गाळ काढतो, आणखी खोल खणतो, आडवी भोके मारतो, कारण झरे बारीक झाले तरी गावाची तहान तेवढीच राहते. थायरॉइडही हेच करते आणि ते कोणत्या क्रमाने करते हे पाहण्यासारखे आहे.

पहिली हालचाल पकड वाढवण्याची. आयोडीन पुरेसे मिळत असते तेव्हा पोटातून रक्तात आलेल्या आयोडीनपैकी जेमतेम १० टक्के ही ग्रंथी घेते आणि बाकीचे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. दीर्घकाळची कमतरता असेल तर हाच वाटा ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. आयोडीन ओढून घेणाऱ्या त्या प्रथिनाची संख्या पेशींवर वाढते आणि मूत्रपिंडांकडे जाण्याआधीच बहुतेक आयोडीन उचलले जाते.

दुसरी हालचाल मालाची बनावट बदलण्याची. चार अणूंचे टी-४ बनवण्याऐवजी ग्रंथी तीन अणूंच्या टी-३कडे कल वाढवते. टी-३ मुळात अधिक प्रभावी असते, त्यामुळे कमी आयोडीनमध्ये अधिक काम साधते. म्हणूनच अशा व्यक्तींच्या रक्तात पुष्कळदा टी-४ थोडे उतरलेले आणि टी-३ सामान्य किंवा किंचित चढलेले दिसते. केवळ टी-३चा आकडा पाहून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारा फसतो तो इथेच.

तिसरी हालचाल म्हणजे प्रत्यक्ष वाढ आणि आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर तिच्यात आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी, रक्तातल्या थायरॉइड संप्रेरकावर सतत नजर ठेवून असते. ते जरा उतरले की ती टीएसएच अधिक सोडते. टीएसएचचे काम केवळ ‘संप्रेरक बनवा’ एवढा निरोप देण्याचे नाही. ते थायरॉइडच्या पेशींना फुगायला आणि विभागून संख्येने वाढायलाही लावते. पेशी उंच होतात, नव्या पेशी तयार होतात, त्यांना रक्त पुरवण्यासाठी नव्या केशवाहिन्या फुटतात. जेवढ्या पेशी जास्त तेवढी आयोडीन पकडणारी जागा जास्त. म्हणजे कमतरतेवर मात करण्याच्या प्रयत्नातच ग्रंथी मोठी होते आणि तो प्रयत्न अनेक वर्षे यशस्वीही ठरतो.

आता दुसरी शंका. टीएसएच २.८ असताना ही वाढ कशी? प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी लिहिलेली असते, पण ती मर्यादा लोकसंख्येची आहे, आपल्या बहिणीची नव्हे. एखाद्या व्यक्तीचे स्वतःचे टीएसएच या पट्ट्यातल्या बऱ्याच अरुंद भागात फिरते. ज्यांचे मूळचे टीएसएच १.२ होते त्यांचे २.८ झाले, तर कागदावर तो आकडा सामान्यच दिसेल, पण ग्रंथीच्या दृष्टीने चाबूक दुपटीहून अधिक वेळा उगारला गेला आहे. रोज थोडा थोडा, पंधरा-वीस वर्षे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की टीएसएच वाढले नाही तरी आयोडीन कमी झालेली ग्रंथी त्याला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देते. पेशीत भरपूर आयोडीन असते तेव्हा त्यापासून तयार होणारी काही संयुगे पेशींच्या वाढीला लगाम घालतात. आयोडीन आटले की हा लगाम सुटतो आणि ग्रंथीतच तयार होणारे वाढीचे स्थानिक घटक अधिक जोमाने काम करू लागतात. म्हणून सौम्य कमतरतेच्या प्रदेशांत गलगंड असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे टीएसएच तुलनेला घेतले तर पुष्कळदा फरक दिसत नाही. विद्यार्थी असताना मला हे विचित्र वाटायचे. टीएसएच हा एकमेव मालक आहे ही समजूत सोडून दिल्यावर कोडे सुटले.

येथपर्यंतची वाढ बहुधा सारखी, मऊ आणि परत फिरणारी असते. इथून पुढचा भाग मात्र आपल्या तिसऱ्या शंकेचा निकाल लावतो, म्हणून तो जरा सावकाश सांगतो.

थायरॉइडच्या सगळ्या पेशी सारख्या स्वभावाच्या नसतात. काही मूळच्याच जोमाने विभागणाऱ्या असतात, काही सुस्त. वर्षानुवर्षे वाढीचा रेटा राहिला की जोमदार पेशींची प्रजा इतरांच्या मानाने भराभर वाढते आणि त्यांचे पुंजके, म्हणजे गाठी, तयार होतात. काही पिशव्यांत द्रव साचत जाऊन त्या फुगतात, कुठे रक्तस्राव होतो, तिथे व्रण भरून आल्यासारखे तंतू तयार होतात, कुठे चुना साठतो. त्याच वेळी पेशी विभागण्याची संख्या वाढली की जनुकांतले बदल घडण्याची शक्यताही वाढते. टीएसएचचा निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात असा बदल झाला, तर ती पेशी निरोप आलेला नसतानाही आल्यासारखी वागू लागते. मग तिच्यापासून झालेली गाठ स्वायत्त होते. पीयूषिकेने टीएसएच कमी केले तरी ती ऐकत नाही. आयोडीन कमी आहे तोवर अशा गाठीच्या हाती माल नसतो, म्हणून ती गप्प असते.

म्हणून तपासणीच्या वेळी माझे पहिले लक्ष गळ्याच्या पोताकडे असते. मी रुग्णाच्या मागे उभा राहतो, दोन्ही हातांची बोटे कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना हलकेच ठेवतो आणि त्यांना पाण्याचा एक घोट गिळायला सांगतो. थायरॉइड श्वासनलिकेला बांधलेली असल्यामुळे गिळताना ती वर सरकते आणि बोटांखालून सरकत जाते. गळ्यातली दुसरी सूज सहसा तशी हलत नाही. आकारासाठी मोजपट्टी लागत नाही. ग्रंथीची एकेक बाजू त्याच व्यक्तीच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा मोठी लागली तर तो गलगंड, असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. मुलाला मुलाचा अंगठा, मोठ्याला मोठ्याचा. त्यानंतर मी जुने छायाचित्र मागतो. मोबाइलमधले दहा वर्षांपूर्वीचे लग्नातले एखादे छायाचित्र पुष्कळदा अहवालांच्या फायलीपेक्षा जास्त सांगून जाते, कारण सूज कधी सुरू झाली याबद्दल घरच्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. ती रोज पाहणाऱ्याला दिसत नाही.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे मिठाबद्दलचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

गलगंड होऊ नये म्हणून आयोडीन किती प्रभावी आहे, याचा जुना आणि स्वच्छ पुरावा अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात मिळाला. डेव्हिड मरीन आणि ओ. पी. किंबल या संशोधकांनी १९१७ पासून तिथल्या शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा थोडे थोडे दिवस सोडियम आयोडाइड दिले. आयोडीन घेतलेल्या २,१९० मुलींपैकी केवळ ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेतलेल्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींची वाढली. ज्यांची ग्रंथी आधीच वाढलेली होती, त्यांच्यातही आयोडीन घेणाऱ्या १,१८२ पैकी ७७३ जणींची सूज कमी झाली. वाढत्या वयातली, अलीकडची, मऊ वाढ आयोडीनने ओसरते असा याचा अर्थ आहे. तरीही या आकड्यांत चारशेहून अधिक मुली अशा आहेत की ज्यांची सूज उतरली नाही आणि त्या तर शाळकरी वयाच्या होत्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली मिठातून आयोडीन द्यायला सुरुवात झाली आणि हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरवले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे उतरले, साध्या मिठाच्या भागात ते तसेच राहिले.

चाळिशीत, अनेक वर्षे मुरलेल्या आणि कदाचित गाठी झालेल्या ग्रंथीची गोष्ट वेगळी आहे. गाठी, तंतू, साचलेला द्रव आणि चुना हे आयोडीन मिळाले म्हणून विरघळत नाहीत. मीठ बदलल्याने पुढची वाढ मंदावू शकते, घरातल्या लहानांचे रक्षण होते, पण झालेली सूज फार तर थोडी उतरते आणि तेही महिन्यांनी, वर्षांनी.

आयोडीनच्या थेंबांविषयी मात्र मी स्पष्ट बोलतो, कारण माझी एक चूक मला अजून आठवते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात साठीच्या एका बाईंच्या जुन्या, गाठी असलेल्या गलगंडासाठी मी आयोडीन सुरू केले; कमतरता आहे तर ती भरून काढावी, एवढा सरळ हिशेब मी केला होता. अडीच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा त्यांचे वजन उतरले होते, हात पुढे धरायला सांगितल्यावर बोटे थरथरत होती आणि नाडी अनियमित लागत होती. गप्प बसलेल्या स्वायत्त गाठींना मी माल पुरवला होता आणि त्यांनी कोणाचेही न ऐकता संप्रेरक बनवायला सुरुवात केली होती. त्यांच्या हृदयाची लय पूर्ववत व्हायला पुष्कळ दिवस लागले. हेच मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर घडले होते. तिथे १९६६ साली पावात आयोडीन मिसळण्यास सुरुवात झाल्यावर थायरॉइडच्या अतिस्रावाचे रुग्ण काही काळ वाढले आणि त्यांत जुन्या गाठींचे गलगंड असलेल्या वयस्कर व्यक्तींचा भरणा होता. म्हणून कमतरतेच्या प्रदेशात मिठातून मिळणारे माफक आयोडीन सगळ्यांनी घ्यावे, पण जुन्या गाठी असताना थेंब, गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची चूर्णे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. काही शेवाळांच्या एका ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट आयोडीन असते.

मिठाचा हिशेबही सोपा आहे. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेले मीठ दिवसाला ५ ग्रॅम पोटात गेले तर १५० मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे मीठ जास्त खाण्याचे कारणच उरत नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर हा विचारही करू नये. मीठ झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावे, कारण ओल लागल्याने आयोडीन कमी होत जाते. आणि एक गैरसमज इतका पक्का आहे की त्याचा उल्लेख करतो. समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआप असते असे पुष्कळांना वाटते. समुद्रात आयोडीन असते हे खरे, पण पाणी आटवून मीठ होईपर्यंत त्यातले नगण्यच उरते. वरून आयोडीन न घातलेले मीठ समुद्राचे असो वा खाणीतले, या कामाला येत नाही. भाज्या आणि धान्ये यांचेही तसेच आहे; जमिनीत आयोडीन असेल तेवढेच त्यांच्यात येते आणि पाऊस, पूर व हिमनद्या यांनी धुतल्या गेलेल्या डोंगराळ प्रदेशांच्या व पूरमैदानांच्या जमिनीत ते फारसे उरलेले नसते. वनस्पतींना वाढीसाठी आयोडीन लागत नाही, त्यामुळे पीक हिरवेगार दिसते आणि कोणाला संशयही येत नाही.

आहारातील अडथळ्यांबद्दल मी फार लांबण लावत नाही. कसाव्यासारख्या कंदातील काही द्रव्यांपासून शरीरात थायोसायनेट तयार होते आणि ते आयोडीन आत ओढणाऱ्या प्रथिनाची वाट अडवते. तंबाखूच्या धुरातूनही तेच मिळते. कोबीवर्गीय भाज्यांचे नाव उगाच खराब झाले आहे. आयोडीन पुरेसे असेल तर शिजवलेल्या कोबीने गलगंड होत नाही. लोहाच्या कमतरतेकडे मात्र मी आवर्जून पाहतो, कारण आयोडीन प्रथिनाला चिकटवणारे एन्झाइम लोहावर अवलंबून असते आणि रक्तक्षय असलेल्या मुलांना आयोडीन देऊनही अपेक्षित गुण येत नाही.

स्त्रियांत हा विकार अधिक दिसण्यामागे गरोदरपणाचा मोठा वाटा आहे. त्या काळात संप्रेरकाची गरज सुमारे निम्म्याने वाढते, मूत्रपिंडे अधिक आयोडीन बाहेर टाकतात आणि गर्भालाही वाटा द्यावा लागतो. म्हणून गरोदर आणि स्तनदा मातांसाठी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम सुचवले जातात. तूट असेल तर प्रत्येक गरोदरपणात ग्रंथी एक पायरी वाढते आणि बाळंतपणानंतर पूर्णपणे मागे येत नाही. आपल्या बहिणीची सूज गरोदरपणातच प्रथम दिसली असेल, तर आयोडीनच्या निदानाला ते पूरक ठरेल. घरात कोणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर तिच्या आयोडीनची काळजी बहिणीच्या सुजेपेक्षा आधी घ्यावी, कारण पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर चालते.

‘आयोडीनची कमतरता’ हे निदान खरे आहे का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मी तो विचारला असता. घरात अनेक वर्षे आयोडीनयुक्त मीठ असेल आणि आसपास इतरांना सूज नसेल, तर हे कारण मागे पडते. मग हाशिमोतो या नावाने ओळखला जाणारा, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर चाल करून जाण्याचा विकार, मनोविकारांत दिल्या जाणाऱ्या लिथियमसारखी औषधे, संप्रेरक बनवण्यातला जन्मजात दोष किंवा सुटी गाठ यांचा विचार करावा लागतो. लघवीतले आयोडीन एकदा मोजून एका व्यक्तीचे निदान होत नाही. आज काय खाल्ले यावर ते दिवसागणिक बदलते. शंभरांहून अधिक लोकांच्या नमुन्यांचा मध्य काढला की एखाद्या वस्तीबद्दल बोलता येते आणि तो मध्य लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तिथे तूट आहे असे मानतात. एकट्या बहिणीचा असा अहवाल काढून पैसे आणि मनःशांती घालवू नये.

त्यांच्यासाठी मी पुढच्या भेटीत काय मागितले असते, ते सांगतो. गळ्याची सोनोग्राफी, म्हणजे वाढ सारखी आहे की गाठींची, हे कळेल आणि संशयास्पद दिसणाऱ्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासता येतील. टीएसएचबरोबर मुक्त टी-४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले टी-४) आणि थायरॉइड पेरॉक्सिडेजविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे हाशिमोतो विकाराची खूण. टीएसएच २.८ हा आकडा मला त्यातल्या त्यात दिलासा देतो, कारण गाठी स्वायत्त होऊ लागल्या की टीएसएच हळूहळू तळाकडे सरकते. ते दरवर्षी पाहत राहावे आणि ०.४च्या आसपास आले तर आयोडीनचा कोणताही जादा पुरवठा टाळावा. सूज उतरावी म्हणून थायरॉक्सिनच्या गोळ्या देण्याची पूर्वी चाल होती. सूज फार थोड्यांची उतरते आणि जास्त मात्रेने हृदयाची लय व हाडे बिघडतात, म्हणून मी आता तो मार्ग सहसा घेत नाही. सोनोग्राफीत सारखी, मऊ वाढ निघाली तर योग्य मीठ आणि वर्षातून एकदा तपासणी एवढ्यावर मी थांबेन. मोठा, गाठींचा गलगंड निघाला आणि त्याचा दाब जाणवत असेल, तर शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन यांपैकी काय योग्य, हे आकार आणि वय पाहून ठरते.

दाब आहे का, हे घरीही पाहता येते. त्यांना दोन्ही हात डोक्याच्या बाजूंनी सरळ वर धरून मिनिटभर थांबायला सांगावे. चेहरा लालभडक झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या किंवा श्वास कोंडल्यासारखा वाटला, तर ग्रंथीचा काही भाग छातीच्या हाडामागे उतरलेला असण्याची शक्यता असते आणि तिथे सीटी स्कॅन लागतो. त्याखेरीज गिळताना घास अडकणे, आडवे झाल्यावर घरघर होणे, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुधारणे, किंवा एखादी गाठ थोड्या दिवसांत भरभर वाढून दुखणे, यांतले काही असेल तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. यांतले काहीच नसेल, तर घाई नाही. सोनोग्राफी झाल्यावर तिचा अहवाल येथे लिहिलात तर ग्रंथी कोणत्या टप्प्यावर आहे याबद्दल मला अधिक नेमके बोलता येईल.